खंडो बल्लाळ चिटणीस : लेखणी आणि मौन

कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणमच्या जवळ, इन्नंबूर नावाचे एक गाव आहे. तेथील शिवालयातील देवाला तमिळमध्ये एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षर जाणणारा नाथ, असे म्हणतात. अप्पर आणि संबंदर या शैव संतकवींनी या क्षेत्रावर पदे रचली आहेत. गावाच्या स्थलपुराणात एका कारकुनाची कथा येते. देवालयाचा जमाखर्च ठेवणाऱ्या या कारकुनाच्या सचोटीविषयी चोळ राजाच्या मनात संशय उत्पन्न झाला आणि त्याने हिशेब मागविला. कारकून भयभीत झाला व शिवाला शरण गेला. तेव्हा देवाने स्वतःच त्या कारकुनाचे रूप घेतले, दरबारी जाऊन चोख हिशेब दिला आणि राजाचा संशय फेडला. राजाच्या अवकृपेच्या छायेत आयुष्य काढणाऱ्या लेखनिकवर्गाने या दैवताला आपले मानावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इन्नंबूर आणि कुंभकोणमचा सारा परिसर तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्याच काळात उत्तरेस जिंजीच्या वेढलेल्या किल्ल्यात मराठ्यांचा छत्रपती आश्रयाला आला होता आणि त्याच्या समवेत एक मराठी लेखनिक होता. या लेखनिकाच्या पित्यावरही राजाचा संशय आला होता. परंतु त्या वेळी हिशेब देण्यास कोणताही देव धावून आला नव्हता. तरीही त्या लेखनिकाने त्याच राजघराण्याच्या वारसाला शत्रूपासून दडविण्यात आपल्या आयुष्याची उमेद वेचली. खंडो बल्लाळ चिटणीस हे त्याचे नाव. महाराष्ट्राच्या इतिहासात हे नाव स्वामिनिष्ठेचे उदाहरण म्हणून वारंवार घेतले जाते. तथापि ही निष्ठा प्रत्यक्षात कोणत्या स्वरूपाची होती आणि तिच्यासाठी काय मोजावे लागले, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे.

खंडो बल्लाळ यांच्या घराण्याचा इतिहासच मुळी एका सुटकेपासून सुरू होतो. त्यांचे आजे आवजी हरी हे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या सेवेत होते. सिद्दीच्या रोषास ते बळी पडले आणि त्यांची पत्नी व तीन मुले गुलाम म्हणून विकण्यासाठी गलबतावर चढविण्यात आली. घराण्यात चालत आलेली हकीकत अशी की, त्या माउलीने गलबतावरील अधिकाऱ्याची मनधरणी करून गलबत राजापूरला नेण्यास त्याला राजी केले. राजापुरास तिचे बंधू विसाजी शंकर राहत होते. त्यांनी नाते उघड होऊ न देता, सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे पैसे मोजून, आपली बहीण व भाचे सोडवून घेतले. पुढे त्या भाच्यांपैकी बाळाजी आवजी यांचे सुंदर अक्षर आणि मजकूर रचण्याचे कौशल्य शिवाजी महाराजांच्या दृष्टीस पडले व ते महाराजांचे चिटणीस झाले. मोडी लेखनाला रेखीव वळण देण्याचे श्रेय परंपरा त्यांनाच देते. महाराजांनी त्यांना प्रधानपद देऊ केले असता त्यांनी ते न घेता आपल्या वंशाकडे चिटणिशी अक्षय राहावी एवढेच मागितले, असे बखरी सांगतात. लेखणी हीच आपली जहागीर, ही या घराण्याची भावना त्यातून व्यक्त होते.

या लेखणीनेच घराण्यावर आघात आणला. इ. स. १६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाल्यावर वारसाचा तंटा उद्भवला. काही प्रधानांनी संभाजी महाराजांना डावलून धाकट्या राजारामांना गादीवर बसविण्याचा बेत केला. तो फसला, परंतु पुढच्याच वर्षी संभाजी महाराजांच्या घाताचा दुसरा कट उघडकीस आला. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याच्याशी या कटवाल्यांनी पत्रव्यवहार केल्याचे निष्पन्न झाले आणि इ. स. १६८१ मध्ये अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद आदींबरोबर बाळाजी आवजी व त्यांचे ज्येष्ठ पुत्र आवजी यांनाही देहान्त शासन झाले. पत्र लिहिणारा हात चिटणिसाचा असतो. त्यातील बेत कोणाचा आणि लिहिण्याची सक्ती कोणाची, हे पाहण्याचा धीर अशा प्रसंगी राज्यकर्त्याला क्वचितच राहतो. बाळाजींचा दोष कितपत होता याविषयी पुढील काळात पुष्कळ मतभेद झाले. घराण्याची परंपरा त्यांना सर्वस्वी निर्दोष मानते.

खंडो बल्लाळ त्या वेळी तरुण होते. त्यांच्यावरही तोच प्रसंग यावयाचा. परंतु महाराणी येसूबाईंनी मध्यस्थी केली, झाल्या गोष्टीबद्दल आपल्या पतीला दूषण दिले आणि बाळाजींच्या उरलेल्या मुलांना आपल्या छत्राखाली घेतले, असे बखरकार नमूद करतो. पुढे संभाजी महाराजांचा कोप निवळला आणि चिटणिशीचे काम पुन्हा याच घराण्याकडे आले. ज्या राजाने पिता व बंधू यांना मारविले त्याच राजाची पत्रे आता खंडो बल्लाळ यांना लिहावयाची होती. त्यांच्या मनात काय चालले असेल, याविषयी त्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही. इ. स. १६८३ च्या नोव्हेंबर महिन्यात संभाजी महाराजांनी गोव्याजवळील जुवे बेटावर हल्ला केला. पळणाऱ्या पोर्तुगीजांचा पाठलाग करताना महाराजांनी भरतीच्या पाण्यात घोडा घातला. घोडा वाहू लागला, तेव्हा खंडो बल्लाळ यांनी उडी टाकून त्यांना वाचविले, अशी परंपरा आहे. सूड घेण्यास हात पुढे करण्याचीही गरज नव्हती, तो आवरून धरला असता तरी पुरले असते. तसे त्यांनी केले नाही, यातच त्यांच्या स्वभावाचे मर्म आहे.

इ. स. १६८९ च्या आरंभी संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि मार्च महिन्यात औरंगजेबाने त्यांचा वध करविला. स्वराज्याचे अस्तित्वच संकटात आले. किल्ल्यामागून किल्ले पडू लागले, मुलखात मोगली ठाणी बसली आणि झुल्फिकारखानाने रायगडास वेढा घातला. येसूबाईंनी त्या वेळी घेतलेला निर्णय मराठ्यांच्या इतिहासाला वळण देणारा ठरला. आपला पुत्र शाहू लहान आहे. सारे एकाच ठिकाणी शत्रूच्या हाती सापडले तर राज्यच बुडेल. म्हणून राजारामांनी गडाबाहेर पडावे आणि आपण मुलासह मागे राहावे, असे त्यांनी ठरविले. एप्रिलमध्ये राजाराम रायगडाबाहेर पडले व प्रतापगडावरून पन्हाळ्यास आले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. येसूबाईंची ती कैद इ. स. १७१९ पर्यंत टिकली.

पन्हाळाही सुरक्षित राहिला नाही. अखेर कर्नाटकातील जिंजीचा किल्ला गाठावा असे ठरले आणि सप्टेंबर १६८९ च्या अखेरीस राजाराम निवडक माणसांसह निघाले. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ, संताजी जगताप, रूपाजी भोसले आदी मंडळी बरोबर होती. कोणी यात्रेकरू, कोणी बैरागी, कोणी व्यापारी, असे वेष घेऊन लहान लहान टोळ्यांनी हा प्रवास झाला. सेना बरोबर असती तर ती शत्रूच्या डोळ्यांत भरली असती. म्हणून माणसे थोडी आणि ओळख त्याहून थोडी, हीच या मोहिमेची युक्ती होती. या वेळी कामास आली ती शस्त्रापेक्षा सामान्य दिसण्याची कला. छत्रपतीने आपण छत्रपती नाही असे वागावे आणि सेवकांनी आपण सेवक नाही असे वागावे, ही गोष्ट बोलण्यास सोपी व पाळण्यास अत्यंत कठीण होती.

वाटेत बेदनूरच्या राज्यात केळदीची राणी चेन्नम्मा हिने या पळणाऱ्या राजाला वाट व साहाय्य दिले. औरंगजेबाचे वैर पत्करण्यासारखे तिला यात लाभाचे काही नव्हते. हे साहाय्य कळताच मोगली फौज तिच्या राज्यावर चालून गेली. तुंगभद्रेच्या परिसरात पाठलागावरील मोगलांनी राजारामांच्या मंडळींना गाठले व बरोबरचे अनेक लोक पकडले, असे फारसी इतिहासकार लिहितात. राजाराम मात्र निसटले. एका राजाच्या सुटकेमागे अशा नामनिर्देश न झालेल्या अनेक बंदिवानांची कहाणी आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

यानंतरचा प्रसंग बंगळूरचा. चिटणिसी बखरीतील हकीकत अशी : मंडळी एका धर्मशाळेत उतरली होती. राजारामांचे पाय ऊन पाण्याने धुण्यास एक सेवक पुढे झाला. यात्रेकरूंच्या जथ्यात एकाचीच अशी शुश्रूषा व्हावी, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि ही वार्ता मोगली अंमलदाराच्या कानी गेली. आपल्यावर पाळत आहे हे कळताच खंडो बल्लाळ यांनी बेत सांगितला. राजारामांनी एक-दोघांसह तत्काळ वेगळ्या वाटेने निघावे. आपण व इतर काहींनी तेथेच थांबावे. म्हणजे अंमलदाराला सावज सापडल्यासारखे वाटेल आणि राजाला अंतर कापण्यास वेळ मिळेल. तसेच झाले. मागे राहिलेल्यांना पकडून नेण्यात आले. त्यांना चाबकाने फोडले, माथ्यावर धोंडे देऊन उन्हात उभे केले, राखेचे तोबरे तोंडाला बांधले. आम्ही रामेश्वराचे यात्रेकरू आहोत, याखेरीज एकाच्याही तोंडून दुसरे वाक्य निघाले नाही. अखेरीस अंमलदाराला आपला संशय खोटा वाटू लागला व त्याने त्यांना सोडून दिले.

या प्रसंगातील दोन बाबी विशेष लक्षणीय आहेत. पहिली अशी की, गुप्तता भंगली ती कोणाच्या फितुरीने नव्हे. सेवकाच्या आदराने भंगली. पाय धुण्याची नित्याची रीत जन्मभर अंगवळणी पडलेली होती, ती परमुलखात वेषाबरोबर उतरवून ठेवता आली नाही. दुसरी बाब अशी की, खंडो बल्लाळ हे शब्दांचे धनी होते. कोणाला कोणता मायना लिहावा, कोठे किती सांगावे आणि कोठे किती राखावे, हे त्यांच्या व्यवसायाचे सार होते. राज्याची सर्व गुपिते चिटणिसाच्या हातून जातात. म्हणून न बोलणे हा चिटणिशीचा पहिला धर्म. बंगळुरात त्या धर्माची परीक्षा प्रत्यक्ष देहावर झाली.

नोव्हेंबर १६८९ च्या आरंभी राजाराम वेलोरमार्गे जिंजीस पोहोचले व पुढे खंडो बल्लाळही त्यांना येऊन मिळाले. जिंजीत नवे दरबार उभे राहिले. प्रल्हाद निराजींना प्रतिनिधिपद मिळाले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण राज्य सावरीत होते, संताजी घोरपडे व धनाजी जाधव मोगली फौजांना त्रस्त करीत होते आणि या सर्वांना एका सूत्रात बांधणारा धागा म्हणजे जिंजीहून निघणारी पत्रे व सनदा होत्या. खजिना रिकामा होता. देण्यासारखे होते ते भविष्यातील वतनाचे वचन आणि त्यावरील शिक्का. अशा राज्यात चिटणिसाच्या लेखणीला किती महत्त्व आले असेल, याची कल्पना सहज करता येते.

इ. स. १६९० मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीस वेढा घातला आणि तो थोडाथोडका नव्हे, सुमारे सात वर्षे रेंगाळला. या काळात किल्ल्याला बाहेरून मिळणारे साहाय्य पुष्कळसे तंजावरचे होते. तेथे राजारामांचे चुलतबंधू शहाजी राजे राज्य करीत होते. हे शहाजी विद्येचे मोठे आश्रयदाते होते. इ. स. १६९३ मध्ये त्यांनी कुंभकोणमजवळील तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले व ते शहाजिराजपुरम् या नावाने प्रसिद्धीस आले. एकीकडे पंडितांना गाव द्यावे आणि दुसरीकडे वेढ्यातील भावाला रसद पुरवावी, असा त्यांचा दुहेरी धर्म चालला होता. दुसऱ्या धर्माचे मोल लवकरच द्यावे लागले. इ. स. १६९४ मध्ये झुल्फिकारखान तंजावरवर चालून गेला आणि शहाजींना मोगलांचे मांडलिकत्व व खंडणी कबूल करावी लागली. जिंजीला साहाय्य न करण्याचे वचनही द्यावे लागले. इन्नंबूरसारख्या गावांतील कावेरीकाठच्या कुळांनी पिकविलेले भातच अखेर अशा खंडण्यांच्या रूपाने बाहेर गेले असणार. आश्रितास राखण्याचा खर्च राजापासून रयतेपर्यंत असा पाझरत जातो.

इ. स. १६९७ च्या अखेरीस जिंजीचा टिकाव लागणे अशक्य झाले. राजारामांना बाहेर काढावयाचे होते; वाट मात्र मोगली छावणीतूनच होती. त्या छावणीत काही मराठे सरदार होते व त्यांत गणोजी शिर्के प्रमुख होते. गणोजी हे येसूबाईंचे बंधू आणि शिवाजी महाराजांचे जामात. परंतु संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत शिर्के घराण्यावर जे गुदरले त्यामुळे ते मोगलांना मिळाले होते. त्यांच्याकडे बोलणे लावण्याचे काम खंडो बल्लाळ यांनी पत्करले. बखरीप्रमाणे गणोजींचे पहिले उत्तर कडवट होते : भोसल्यांनी आमच्या घराण्याचा उच्छेद केला, आता त्यांच्यासाठी आम्ही का झिजावे? या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार साऱ्या मराठी राज्यात कोणास असेल तर तो खंडो बल्लाळ यांनाच होता. कारण त्यांच्या घरातही तेच घडले होते. आपले दुःख व्यक्तीचे आहे आणि राज्य व्यक्तीहून मोठे आहे, अशा आशयाचा युक्तिवाद त्यांनी केला. गणोजींनी अखेर एक अट घातली. दाभोळचे वतन आपल्याला मिळावे. हे वतन त्या वेळी खंडो बल्लाळ यांच्याच नावे होते. त्यांनी ते तेथल्या तेथे लिहून दिले.

मराठेशाहीत वतनाला जिवापेक्षा अधिक मोल होते, हे त्या काळच्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यास सांगावयास नको. वतनासाठी भाऊ भावाशी लढले, घराणी शत्रूला मिळाली. अशा समाजात एका लेखनिकाने आपल्या वंशजांचा कायमचा हक्क आपल्याच हाताने दुसऱ्याच्या नावे लिहून द्यावा, हे त्याचे लिहिलेले सर्वांत मोठे पत्र म्हणावे लागेल. शिर्क्यांच्या आश्रयाने राजाराम वेढ्याबाहेर पडले आणि इ. स. १६९८ च्या आरंभी महाराष्ट्रात विशाळगडास पोहोचले. झुल्फिकारखानाने जिंजी घेतली तेव्हा ज्याच्यासाठी वेढा होता तो तेथे नव्हता.

राजारामांचे निधन इ. स. १७०० मध्ये सिंहगडावर झाले. इ. स. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ते खरे शाहू की कोणी तोतया, असा प्रश्न ताराबाईंच्या पक्षाने उपस्थित केला. ओळख पटविण्याच्या कामात खंडो बल्लाळ यांचा भाग होता, असे बखरकार सांगतो. आणि ज्याने अठरा वर्षांपूर्वी एका राजाची ओळख लपविली होती त्यानेच दुसऱ्याची ओळख सिद्ध करावी, हा योग विलक्षण आहे. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधवांबरोबर तेही शाहूंच्या पक्षास मिळाले. ज्या येसूबाईंनी त्यांना बालपणीच्या संकटातून राखले होते, त्यांच्याच पुत्राची सेवा त्यांनी अखेरपर्यंत केली. त्यांच्यामागे चिटणिशी पुत्र गोविंदराव यांच्याकडे चालू राहिली.

या चरित्राच्या साधनांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. राजारामांच्या जिंजीप्रवासावर केशव पंडिताने रचलेले राजारामचरितम् हे संस्कृत काव्य समकालीन होय. तंजावरच्या संग्रहातील हस्तलिखितावरून वा. सी. बेंद्रे यांनी ते इ. स. १९३१ मध्ये प्रकाशात आणले. परंतु खंडो बल्लाळ यांच्याविषयीचे बहुतेक तपशील मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून येतात. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे आणि तिचा कर्ता खंडो बल्लाळ यांचाच वंशज आहे. पूर्वजाच्या गौरवाची इच्छा तीत नसेल असे म्हणता येत नाही. तथापि गुप्त कार्याचा पुरावा त्याच काळी कागदावर उतरणे संभवनीयच नसते. जे कागदावर आले असते तर प्राण गेले असते, ते कुटुंबाच्या स्मरणातच टिकते. बखरीचे मोल ठरविताना ही अडचणही जमेस धरावयास हवी.

विसाव्या शतकातील एका घटनेने या प्रश्नावर काही प्रकाश पडतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या युरोपात ज्यू कुटुंबांचा संहार चालला असता अनेक सामान्य माणसांनी त्यांना आपल्या घरांत, माळ्यांवर व कोठारांत दडविले. अॅम्स्टरडॅम येथे ऑटो फ्रांक यांचे कुटुंब व इतर चौघे जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत एका कचेरीच्या मागील भागात लपले होते. त्यांना अन्न, पुस्तके व बाहेरच्या वार्ता पुरविणारी माणसे त्याच कचेरीत काम करणारी होती : मीप खीस, बेप फोस्कुइल, योहानेस क्लाइमान, व्हिक्टर कुग्लर. छापा पडल्यावर यांपैकी दोघा पुरुषांना कैद झाली. तेथेही रोजची खरेदी, पावलांचा आवाज, खिडकीचा पडदा अशा क्षुल्लक गोष्टींवर आठ जीव अवलंबून होते. तेथेही हे कार्य हिशेब ठेवणाऱ्या व पत्रे टंकलिखित करणाऱ्या हातांनी केले.

ही तुलना फार ताणणे योग्य नव्हे. खंडो बल्लाळ यांनी राखला तो राजा होता. त्याच्या सुटकेत राज्याचे भवितव्य होते आणि यश आल्यास मानाची आशाही होती. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काहीच उरले नव्हते अशा परक्या कुटुंबांना आसरा देणाऱ्यांचे धैर्य निराळ्या प्रतीचे होते. आणि चिटणीस घराण्याच्या इतिहासात याला जवळचा प्रसंग शोधावयाचा तर तो बंगळूरचाही नव्हे, जिंजीचाही नव्हे. तो राजापूरच्या बंदरावरचा आहे. तेथे एका माणसाने चेहऱ्यावर ओळख न दाखविता एक स्त्री व तीन मुले विकत घेतली आणि घरी नेली.

इ. स. १८०३ मध्ये तंजावरच्या सरफोजी राजांनी भोसले वंशाचे चरित्र बृहदीश्वराच्या देवालयात मराठीत कोरून घेतले. तो दीर्घ शिलालेख राजांचे चिटणीस बाबूराव यांनी रचला. वंशाचा इतिहास असा दगडावर आला. तो वंश ज्यांनी वाटेवरच्या धर्मशाळांत, राखेचा तोबरा तोंडाला असताना, न बोलून राखला त्यांच्या वाट्यास बखरीची काही पाने आली, आणि ज्यांची नावेही टिकली नाहीत त्यांच्या वाट्यास तीही आली नाहीत. इन्नंबूरच्या कथेतील देव हिशेब पुरा करून देतो. इतिहासात तो बहुधा अपुराच राहतो, आणि अभ्यासकाला त्यातील गळलेल्या रकमा सतत शोधाव्या लागतात.